मुहूर्त गाठला, पण मागचा लाइट कोणी बघितला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो ठरलेला असतो, शोरूमच्या दारात रिबिनी लावलेल्या गाड्यांची रांग, झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि घरातले सगळे मिळून ती पुठ्ठ्याची भली मोठी चावी धरून उभे. गेल्या दसऱ्याला त्या रांगेत आम्ही पण होतो, फोटोत नाही आलो कारण आमची गाडी पार मागे होती. त्या गाडीपायी पुढे जे झालं त्यावरून हे पत्र लिहितेय. मागणी एकच आहे, गाडीचा नंबर पडायच्या आधी, शक्यतो मुहूर्ताच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, गिऱ्हाइकाला अर्धा-पाऊण तास गाडीचं सगळं इलेक्ट्रिकल स्वतः चालवून बघू द्यावं, आणि गिऱ्हाइकांनी पण लाजू नये, मागून घ्यावं.

आता मी कोण सांगणारी, तर मी इंजिनियर वगैरे नाही. नाशिकच्या अंबडला एका हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं लाइनवर काम केलं. हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा तो सगळा गुंता, जो आम्ही बायका एका मोठ्या बोर्डावर खुंट्यांमधून अंथरून, कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे प्लग) लावून, टेप गुंडाळून तयार करायचो. आजकालच्या कारमधली सगळी वायर सुटी करून सरळ धरली तर किलोमीटरच्या वर भरते, आणि तिची टोकं शेकडो. सिडकोतून, पाथर्डी फाट्यावरून पहाटे डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या ज्या बायका तुम्हाला दिसतात ना, त्यातल्या कित्येकींच्या हातून अशा वायरी गेलेल्या असतात. नाशिक पण गाड्यांचं गाव आहे, ते पुण्यासारखं दिसत नाही पटकन, पण सातपूर-अंबडच्या शेडमध्ये शिरलं की कळतं.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, पुश-क्लिक-पुल. कपलर ढकलायचा, खट् असा आवाज ऐकायचा, मग मागे ओढून बघायचा. तिन्ही झालं तरच तो बसला. ह्यातलं मधलं खट् सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच शॉपफ्लोअरच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून बोटाला कळायला लागतं. काही कपलरना अजून एक छोटं रंगीत लॉक असतं, पहिलं लॉक नीट लागल्याशिवाय ते आत जातच नाही, ते आलं तेव्हा आम्हाला फार बरं वाटलेलं.

आणि आता एक कबुली देते. कपलर अर्धवट बसला तरी आतल्या पिना एकमेकीला टेकलेल्या असतात, म्हणजे करंट जातो, म्हणजे टेस्टिंगला हिरवा दिवा लागतो आणि माल पुढे जातो. असा एक तुकडा माझ्या हातून गेलेला आहे, परत आला तेव्हा त्यावर माझा नंबर होता. सुपरवायझर ओरडले नाहीत, नुसता तो कपलर माझ्या हातात ठेवला, ते जास्त लागलं. तर सांगायचा मुद्दा, फॅक्टरीतून आली म्हणजे गाडी धुतल्या तांदळासारखी असं काही नसतं. तिथंही माणसंच आहेत, शिफ्ट आहे, टार्गेट आहे. मोठ्या चुका तिथंच पकडल्या जातात, बारीक राहून जातात, आणि त्या बारीक चुका कारखान्याच्या गुळगुळीत टेस्ट ट्रॅकवर दिसत नाहीत, दिसतात त्या आपल्याकडच्या रस्त्यावर. नाशिकच्या द्वारका चौकात दोनदा खड्ड्यात आपटली की मगच अर्धवट बसलेला कपलर ठरवतो की आपण सुटायचं.

आमच्या गाडीचं असं झालं. मुलाने पहिली गाडी घेतली, छोटी पेट्रोल हॅचबॅक, कर्ज काढून. मुहूर्त साडेअकराच्या आतला. मी म्हटलं, अरे जरा लाइट-बिट बघून घेऊ, तर मुलगा म्हणाला, आई आज नको ना गं, मागे गाड्या थांबल्यात. शोरूमचा मुलगा पण गोड होता, म्हणाला मावशी पीडीआय झालंय, टेन्शन नका घेऊ. पीडीआय म्हणजे डिलिव्हरीच्या आधी शोरूमनेच करायची तपासणी. त्याचा कागद मागितला तर म्हणाला तो आमच्या रेकॉर्डला असतो. भर उन्हात कुठला लाइट दिसणार, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले, काळारामाला जाऊन आलो, घरी.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलगा गाडी मागे घेत होता आणि मी मागे उभी. डावा मागचा लाइट उजव्यापेक्षा मंद. म्हटलं ब्रेक दाब. त्याने ब्रेक दाबला तर डाव्या बाजूचा इंडिकेटर पण हलकासा उजळला, जो त्याने लावलेलाच नव्हता! इंडिकेटर लावून ब्रेक दाबला तर दोघांचं काहीतरी भलतंच चाललेलं. मी तिथंच म्हटलं, ही अर्थच्या वायरची भानगड आहे. म्हणजे करंटला परत जायची वाट नीट नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून चोरवाटेने जातो आणि नको तो बल्ब लागतो. एलईडीच्या गाड्यांमध्ये हे असं दिसत नाही, साध्या बल्बच्या गाडीत मात्र ही ठळक खूण आहे, कोणालाही ओळखता येईल अशी.

पुढे दोन-चार दिवसांत अजून दोन गोष्टी निघाल्या. मागची डावी काच ड्रायव्हरच्या बटणाने खाली जायची, स्वतःच्या बटणाने नाही. आणि ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर असतात ते एअरबॅग आणि त्याच्या बेल्टच्या सर्किटचे, पिवळा रंग मुद्दाम असतो, की बाबांनो ह्याला उगाच हात लावू नका. मी पण नाही लावला, बावीस वर्षं काढली तरी. त्याला ट्रेनिंग झालेलाच माणूस पाहिजे.

सर्व्हिस सेंटरच्या तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा मागचा बल्ब बदलून दिला, म्हणाले झालं. झालं नव्हतं. दुसऱ्यांदा गाडी तिथं गेली आणि शहाण्या बाळासारखी वागली, सगळं व्यवस्थित, कागदावर लिहिलं की दोष आढळला नाही. तिसऱ्यांदा मुलाने मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ काढून नेला. तेव्हा एका पोरसवदा टेक्निशियनने डिकीचं प्लास्टिक उघडलं, अर्थचा बोल्ट खोलला, आणि बोल्टखाली रंग! बॉडीला रंग आधी बसतो, वायरिंग नंतर पडतं, त्यामुळे अर्थच्या जागी पत्रा उघडा असावा लागतो, इथं तो राहिला नव्हता. त्याने खरवडला, बोल्ट आवळला, दोन्ही लाइट सारखे. दहा मिनिटं. ह्या दहा मिनिटांसाठी मुलाचे तीन हाफ-डे गेले. काचेच्या बटणाचा कपलर अर्धवट बसलेला होता (हे ऐकून मी काही बोलले नाही). सीटखालची वायर रेलमध्ये, म्हणजे सीट ज्या पट्टीवर सरकते त्यात चेपत होती, ती त्यांनी नीट बांधून दिली.

कोणतं शोरूम, कोणती कंपनी ते लिहीत नाही, कारण हे एकाचं नाही. आमच्या मजल्यावरच तीन नव्या गाड्या आहेत आणि तिघांकडे काही ना काही किरकोळ निघालं, एकाची तर दुसरी चावीच चालत नव्हती, सहा महिने कपाटात होती म्हणून कळलंच नाही.

आता बघायचं काय ते माझ्या पद्धतीने सांगते. गाडी दिवसा नाही, अंधार पडल्यावर बघा, किंवा बेसमेंटमध्ये भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर दोन्ही हेडलाइटचा उजेड सारखा पडतो का, डिपर मारला की दोन्ही वर जातात का, मग गाडी फिरवून मागचे. एक माणूस आत, एक बाहेर. पार्किंग, ब्रेक, रिव्हर्स, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेटचा लाइट, आणि एकेक करून नाही तर दोन-दोन एकत्र लावून, कारण अर्थचा दोष एकट्या बल्बला बऱ्याचदा दिसत नाही, दोन एकत्र लावले की उघडा पडतो. इंडिकेटर एका बाजूला घाईघाईने टिकटिक करत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब लागत नाहीये.

चावी फिरवली, इंजिन चालू न करता, की डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी होते, एअरबॅग, एबीएस, इंजिन, ऑइल, बॅटरी. मग त्यातले काही आपोआप आणि बाकीचे इंजिन चालू झाल्यावर विझतात. लोक फक्त विझले का ते बघतात. अहो, लागले का ते पण बघा! जो दिवा सुरुवातीला लागलाच नाही तो उद्या खरा दोष आला तरी कसा लागणार. एअरबॅगचा दिवा मुळातच पेटत नसेल तर ते जास्त वाईट.

मग सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे. स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हॉर्न दाबून बघा. चारही काचा आधी ड्रायव्हरच्या बटणाने, मग ज्याच्या त्याच्या बटणाने. दोन्ही चाव्यांचे रिमोट, दोन्ही! डिकी चार-पाच वेळा उघडमीट करा, कारण डिकीच्या बिजागरीपाशी वायर रबरी नळीतून जाते आणि तिथं ती वाकते. बेल्ट न लावता निघाल्यावर बजर वाजतो का, रिव्हर्सला मागचा सेन्सर वाजतो का, हे तर १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना कायद्यानेच बंधनकारक आहे, तसाच ८० च्या वर गेल्यावर वाजणारा स्पीड अलर्ट, पण तो बघायला शोरूमच्या गल्लीत जाऊ नका म्हणजे झालं. शेवटी सगळं एकदम चालू करा, हेडलाइट, एसीचा पंखा फुल, वायपर, मागच्या काचेचा डिफॉगर, आणि मग काच वर घ्या, लाइट लुकलुकतात का बघा. लाइट जरासे मंद होऊन सावरले तर चालतं.

दोनशे-अडीचशेचा मल्टिमीटर घरात असेल तर घेऊन जा, नसेल तर त्यांच्याकडचा मागा. गाडी बंद, थोडा वेळ उभी असलेली, तर बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला पाहिजे. १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे, स्टॉकयार्डात, म्हणजे विकायच्या आधी गाड्या ठेवतात त्या आवारात, महिनोन्महिने उभी राहिली असणार, चार्ज करून नाहीतर बदलून मागा. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, त्याला लगेच घाबरू नका, विचारा. गाडी किती दिवस उभी होती ते फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमच्या विक्रीच्या दाखल्यावर, बनल्याचा महिना आणि वर्ष असतं त्यावरून कळतं. स्टॉकयार्ड गावाबाहेर शेताच्या कडेला असतात, तिथं उंदीर आले, म्हणून बॉनेट उघडून एक नजर टाकाच, कुरतडलेली टेप, लेंड्या. हसू नका, नव्या गाडीत बघितलंय मी.

टू-व्हीलरवाल्यांनी तर अजूनच बघावं. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून दोन्हीकडे हॉर्न आणि इंडिकेटर, वायर कमी सोडलेली असेल तर एका टोकाला ताणली जाते आणि हॉर्न बंद पडतो. मागचा ब्रेक लाइट दोन्ही लिव्हरने वेगवेगळा बघायचा, डाव्याने लागला म्हणजे उजव्याने लागतोच असं नाही, दोघांचे स्विच वेगळे असतात. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर मिळणारा चार्जर तिथंच लावून गाडी चार्ज घेते का एवढं तरी बघून निघा.

आता एक गोष्ट जिथं फॅक्टरीचा दोष नाहीच. शोरूममध्ये अॅक्सेसरीज लावतात ना, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, म्युझिक, सीट कव्हरबरोबर फ्री म्हणून काय काय. चांगला माणूस असेल तर कपलर टू कपलर लावतो. नाहीतर ब्लेडने चालू वायर सोलायची, तिला दुसरी वायर पिळायची, वर काळी टेप. साहेब, आम्ही एका क्रिम्पच्या, म्हणजे वायरीवर टर्मिनल दाबून बसवतात त्या जोडाच्या, उंचीसाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडायचो, टर्मिनल ओढून किती ताकदीला सुटतो ते मोजायचो, आणि इथं ब्लेड! उन्हाळ्यात ती टेप चिकट होऊन सरकते आणि पावसाळ्यात एकदा का इगतपुरीला जाऊन आलात की हिशोब पूर्ण. वर वॉरंटीला गेलात तर म्हणणार वायरिंगला बाहेरून हात लागलाय. हेडलाइटचा बल्ब मोठा टाकायची हौस पण तशीच, ५५ वॉटच्या जागी १०० वॉट म्हणजे जवळजवळ दुप्पट करंट, वायर आणि होल्डर तर जुन्याच मापाचे, होल्डर वितळतो. म्हणून गाडी आधी आहे तशी तपासा, मग अॅक्सेसरीज, म्हणजे नंतर काही निघालं तर कोणी केलं ह्यावर वाद नको.

नंबर पडायच्या आधी का म्हणते ते पण सांगते. एकदा आरटीओची नोंद झाली की गाडी तुमच्या नावावर, मग बदलून मिळणं जवळपास अशक्य, फक्त दुरुस्ती. पूर्वी निदान पेठ रोडला आरटीओत गाडी न्यावी लागायची, साहेब एक नजर टाकायचे, आता तयार गाड्यांचं शोरूममध्येच होतं, ते सोयीचं आहे, तक्रार नाही, पण म्हणजे मधली एक नजर गेली ना. उरली ती फक्त आपली.

आणि गाडी घेऊन झाल्यावर काही निघालं तर तोंडी सांगून येऊ नका. जॉब कार्डवर आपल्या शब्दात तक्रार लिहून घ्या, "ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर लागतो" असं, नुसतं "लाइट चेक करणे" असं नाही. काम न करता परत दिली तरी कॉपी घ्या. आमच्या तीन चकरांचे तीन कागद होते म्हणून तिसऱ्या वेळी मॅनेजर खुर्चीतून उठले. त्यानेही नाही झालं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. मंद लाइटसाठी आयोगात जा असं नाही म्हणत, माझे मिस्टर तर म्हणतात तू तेवढ्यासाठी पण जाशील. पण हे माहीत आहे असं समोरच्याला दिसलं की बोलणं बदलतं हा अनुभव आहे.

शोरूमवाल्यांची अडचण मला समजते. दसऱ्याला, पाडव्याला प्रत्येकाला एकच मुहूर्त पाहिजे, एका दिवसात इतक्या गाड्या द्यायच्या म्हटल्यावर पीडीआयच्या पोरांची पण शिफ्ट असते, टार्गेट असतं, मी ती जागा ओळखते. म्हणूनच म्हणते, तपासणी मुहूर्ताच्या दिवशी नकोच. आदल्या दिवशी ठेवा, पीडीआयच्या सहीच्या कागदाची एक कॉपी गिऱ्हाइकाला द्या, सकाळी फक्त हार-नारळ-फोटो. तुमचाही वेळ वाचेल, तीन चकरांत तुमचा टेक्निशियन पण तीनदा अडकला की. आणि संपादक साहेब, तुम्ही दरवर्षी किती गाड्या विकल्या त्याची बातमी देता, एखाद्या वर्षी पाडव्याच्या आधी ह्या तपासणीवर पण अर्धा कॉलम द्या.

माझी भाची येत्या पाडव्याला स्कूटर घेतेय. बुकिंग करताना तिने सांगून ठेवलंय की आदल्या संध्याकाळी मावशी बघायला येणार. सेल्सवाल्या मुलीने विचारलं, मावशी काय बघणार? तर भाची म्हणाली, हँडल फिरवून हॉर्न वाजवणार. येतेय मी, बॅटरी चार्ज करून ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हार्नेस कामगार,
सिडको, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती, मुलगा रागावेल.)